चार बोल्ट आणि न झालेली एक नोंद : गुणवत्ता व्यवस्थापन समजून घेताना

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाचा एक भाग उड्डाणानंतर काही मिनिटांतच हवेत निखळून पडला. या विमानाच्या बांध्यात जादा दरवाजासाठी जागा ठेवलेली असते आणि ज्या कंपनीला तो दरवाजा नको असतो, तिच्या विमानात ती जागा एका झाकणाने बंद केली जाते. तेच झाकण उडून गेले आणि विमानाच्या भिंतीला दाराएवढे भगदाड पडले. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणले आणि आतील १७७ जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही. पुढे तपासात आढळले, की झाकण जागच्या जागी धरून ठेवणारे चार बोल्ट त्या दिवशी तुटले किंवा सैल झाले नव्हते. विमान कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाच ते जागेवर नव्हते.

अशी बातमी वाचली की बोल्ट बसवायला नेमके कोण विसरले, हाच प्रश्न बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२५ मध्ये जो अंतिम निष्कर्ष मांडला, त्यात मात्र कोणा कामगाराचे नाव नाही. सुटे केलेले भाग पुन्हा बसवले गेले आहेत याची खात्री देणारी कार्यपद्धती कामगारांना दरवेळी नीट पाळता यावी, यासाठी लागणारे पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख बोइंग कंपनीने पुरवली नाही, हे अपघाताचे संभाव्य कारण असल्याचे मंडळाने म्हटले आहे. काहींना हे उत्तर टाळाटाळीचे वाटेल. माझ्या मते ते अधिक कठोर उत्तर आहे. ते कठोर का, हे कळण्यासाठी गुणवत्ता व्यवस्थापन ही काय चीज आहे, ते मुळापासून पाहावे लागते.

गुणवत्ता कशाला म्हणायचे आणि ‘प्रणाली’ कशाची असते?

बोलताना आपण महाग, टिकाऊ किंवा देखण्या वस्तूला दर्जेदार म्हणतो. या क्षेत्रातील व्याख्या त्याहून साधी आणि मोजता येण्याजोगी आहे : ठरलेल्या गरजा वस्तू किंवा सेवा किती प्रमाणात पूर्ण करते, ती तिची गुणवत्ता. त्यामुळे साधी, स्वस्त वस्तूही तिच्याकडून अपेक्षित असलेले काम दरवेळी करत असेल तर ती उत्तम गुणवत्तेची ठरते, आणि अतिशय महाग वस्तू दहातून एकदा दगा देत असेल तर ठरत नाही. यातला ‘दरवेळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एकदा चांगले काम करणे आणि वेगवेगळ्या माणसांच्या हातून, वेगवेगळ्या दिवशी, हजारो वेळा तेच काम तितकेच चांगले होणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट साधावी म्हणून केलेली सगळी व्यवस्था म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापन प्रणाली. काम कोणत्या क्रमाने व्हावे, प्रत्येक टप्प्याची जबाबदारी कोणाची, काय तपासायचे, कशाची नोंद ठेवायची, चूक सापडली तर पुढे काय करायचे आणि या सगळ्याचा आढावा कोणी व केव्हा घ्यायचा, याची ही ठरवून दिलेली आणि प्रत्यक्ष पाळली जाणारी रचना असते. अखेरची तपासणी हा तिचा एक भाग आहे, पण तयार मालातून खराब माल वेगळा काढण्यापेक्षा तो मुळात तयारच होऊ नये, अशी प्रक्रिया उभी करण्यावर तिचा खरा भर असतो. शेवटी गाळून काढलेल्या प्रत्येक खराब नगावर साहित्य, वेळ आणि श्रम आधीच खर्च झालेले असतात. शिवाय तपासणारा माणूसही माणूसच असतो. त्याच्याही नजरेतून काही नग सुटतात.

सात तत्त्वे, पण सारख्या वजनाची नव्हेत

या विषयावरील सर्वांत परिचित मानक आयएसओ ९००१ हे आहे. जिनिव्हा येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. त्यानंतर १९९४, २००० आणि २००८ मध्ये त्यात बदल झाले आणि २०१५ मध्ये त्याची बरीचशी फेरमांडणी झाली. त्याच्या मुळाशी सात तत्त्वे आहेत : ग्राहकाच्या गरजेला प्राधान्य, नेतृत्वाची बांधिलकी, कामात सर्वांचा सहभाग, प्रक्रियांच्या अंगाने विचार, सतत सुधारणा, पुराव्यावर आधारित निर्णय आणि पुरवठादारांसह सर्व संबंधितांशी जपलेले नाते.

यादी वाचताना ही तत्त्वे सुविचारांसारखी वाटतात आणि अनेक कार्यालयांच्या भिंतींवर ती तशीच टांगलेली असतात. प्रत्यक्षात त्यांतले प्रक्रियेचे तत्त्व समजले की उरलेली बरीचशी उलगडतात. प्रक्रिया म्हणजे काहीतरी आत घेऊन त्याचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर करणारी कामांची साखळी. संस्थेचा आराखडा विभागांप्रमाणे काढलेला असतो, पण काम मात्र विभागांच्या सीमा ओलांडत आडवे वाहते, आणि बहुतेक चुका एका हातातून दुसऱ्या हातात काम जाताना होतात. विमानाच्या त्या झाकणाचेही तसेच झाले. झाकणाजवळच्या भागातील काही रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्या) सदोष होते आणि ते दुरुस्त करता यावेत म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये झाकण उघडले गेले. झाकण उघडणे, रिव्हेट दुरुस्त करणे आणि झाकण पुन्हा लावणे ही एकमेकांत गुंतलेली, पण वेगवेगळ्या हातांतून जाणारी कामे होती. झाकण उघडल्याची नोंद झाली असती, तर ते बंद करताना तपासणी व्हायला हवी, हे त्या नोंदीतूनच पुढे आले असते. नोंद झाली नाही. त्यामुळे तपासणीची वेळच आली नाही.

पुराव्यावर आधारित निर्णयाचे तत्त्वही वरवर उघड वाटते. ते उघड नाही आणि त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

प्रत्येक चढउतार ही समस्या नसते

१६ मे १९२४ रोजी अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक लहानसे टिपण आणि त्यासोबत एक आकृती दिली. ती आकृती आज कंट्रोल चार्ट म्हणून ओळखली जाते आणि आधुनिक गुणवत्ताशास्त्राची सुरुवात तिथून मानली जाते. श्यूहार्ट यांचा मुद्दा असा होता, की कोणत्याही प्रक्रियेत थोडाफार चढउतार असतोच, पण त्याची कारणे दोन जातींची असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात.

समजा, एखाद्याला घरून कामाच्या ठिकाणी पोहोचायला रोज साधारण ४० मिनिटे लागतात. कधी ३६, कधी ४४. हा फरक सिग्नल, गर्दी, चालण्याचा वेग अशा असंख्य बारीक गोष्टींतून येतो आणि ४३ मिनिटे लागलेल्या दिवशी ‘आज काय बिघडले?’ असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण बिघडलेले काहीच नसते. पण एखाद्या दिवशी ९० मिनिटे लागली, तर मात्र त्या दिवसापुरते काहीतरी वेगळे नक्कीच घडलेले असते आणि ते शोधता येते. पहिल्या प्रकाराला सामान्य कारणे म्हणतात, दुसऱ्याला विशेष कारणे. कंट्रोल चार्टवर सरासरीच्या वर आणि खाली, प्रक्रियेच्या स्वतःच्या आकड्यांवरूनच काढलेली एकेक मर्यादारेषा असते. बिंदू त्या रेषांच्या आत विखुरलेले असतील तर प्रक्रिया स्थिर आहे आणि एखादा बिंदू बाहेर गेला किंवा बिंदूंमध्ये ठरावीक कल दिसू लागला, तर विशेष कारण शोधायचे.

स्थिर असणे आणि चांगले असणे यांत मात्र गल्लत करू नये. रोजचा प्रवास ४० मिनिटांचा असेल आणि तो २५ मिनिटांत व्हायला हवा असेल, तर कोणा एका दिवसाची चौकशी करून काही मिळणार नाही. मार्ग, वेळ किंवा साधन बदलावे लागेल, म्हणजेच संपूर्ण प्रक्रिया बदलावी लागेल. हा अधिकार बहुधा काम करणाऱ्याकडे नसतो, व्यवस्थापनाकडे असतो. दर महिन्याच्या आकड्यात जरा घट दिसली की स्पष्टीकरण मागणारे आणि जरा वाढ दिसली की शाबासकी देणारे वरिष्ठ सामान्य चढउतारालाच विशेष समजत असतात. त्यांच्या हुकमाने वारंवार केलेल्या फेरफारांमुळे चढउतार कमी होण्याऐवजी वाढतो, हे संख्याशास्त्राने दाखवता येते. या क्षेत्रातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन.

दुरुस्ती वेगळी, सुधारात्मक कृती वेगळी

चूक सापडल्यावर तीन वेगवेगळी कामे करायची असतात आणि बहुतेक ठिकाणी पहिले करूनच प्रकरण बंद होते. पहिले काम म्हणजे झालेले नुकसान आवरणे : सदोष माल थांबवणे, आधीच बाहेर गेलेला माल शोधणे. वर सांगितलेल्या घटनेनंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने तशाच झाकणाची विमाने तपासणी होईपर्यंत जमिनीवर ठेवायला लावली, ते हे काम. दुसरे काम म्हणजे दुरुस्ती : जे चुकले आहे ते नीट करणे, बोल्ट बसवणे. तिसरे काम म्हणजे सुधारात्मक कृती : ज्या कारणामुळे चूक झाली ते कारणच नाहीसे करणे. दुरुस्ती चुकीच्या परिणामावर होते आणि सुधारात्मक कृती चुकीच्या कारणावर. दुरुस्ती कितीही तत्परतेने केली, तरी पुढच्या विमानात तीच चूक होण्याची शक्यता जराही कमी होत नाही.

‘संबंधितांना समज देण्यात आली’ आणि ‘कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले’ ही दोन वाक्ये चौकशीच्या अहवालांत वारंवार दिसतात. ज्याला काम येत नव्हते त्याला शिकवणे योग्यच आहे, पण काम येत असूनही ज्याच्या हातून विसर पडला, त्याला तेच पुन्हा शिकवून काय साधणार? शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यांनी १९६१ मधील एका प्रसंगात याचे उत्तर दिले होते. एका कारखान्यात लहान स्विच जुळवताना आत दोन स्प्रिंगा बसवाव्या लागत आणि कामगारांकडून कधीमधी एखादी स्प्रिंग राहून जाई. ताकीद देऊन झाली, तरी प्रश्न सुटत नव्हता. शिंगो यांनी सुचवले, की जुळणी सुरू करण्यापूर्वी दोन स्प्रिंगा काढून एका छोट्या बशीत ठेवायच्या आणि मग त्या बसवायच्या. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल, तर ती विसरल्याचे तिथेच, त्याच क्षणी दिसे. माणसाची स्मरणशक्ती वाढवण्याऐवजी विसर लपून राहणार नाही अशी कामाची मांडणी करणे, या विचाराला पुढे पोका-योके असे नाव मिळाले.

कारण शोधण्याच्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

मूळ कारणापर्यंत जाण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत टोयोटामध्ये रुळलेली आहे : ‘का?’ हा प्रश्न साधारण पाच वेळा विचारणे. विमानाच्या घटनेला ती लावून पाहू. झाकण का उडाले? बोल्ट नव्हते म्हणून. बोल्ट का नव्हते? झाकण उघडताना काढले आणि पुन्हा बसवले नाहीत म्हणून. ते कोणाच्या लक्षात का आले नाही? झाकण उघडल्याची नोंद नव्हती, त्यामुळे तपासणी झाली नाही म्हणून. नोंद का झाली नाही? भाग सुटे करण्याची कार्यपद्धती पुरेशी स्पष्ट आणि वापरायला सोपी नव्हती, प्रशिक्षणही अपुरे होते म्हणून. मग ती तशीच का राहिली? या कार्यपद्धतीबाबतच्या त्रुटी पूर्वीही पुन्हा पुन्हा समोर आल्या होत्या, पण त्यांवरच्या उपायांचा परिणाम झाला नव्हता आणि सरकारी देखरेखीनेही त्या पुरेशा ओळखल्या नव्हत्या. दुसऱ्या प्रश्नापाशी थांबले असते तर एका कामगाराला घरी बसवून प्रकरण मिटले असते. तपास पाचव्या प्रश्नापर्यंत पोहोचला, म्हणून उत्तरदायित्व कंपनीच्या आणि नियामकाच्या दारात गेले.

पाच हा आकडा पवित्र नाही. कधी तीन प्रश्न पुरतात, कधी आठ लागतात. या पद्धतीची मोठी उणीव वेगळी आहे. ती एकाच साखळीने खाली नेते, पण बहुतेक मोठ्या अपघातांना अनेक साखळ्या येऊन मिळालेल्या असतात, आणि प्रत्येक ‘का’चे उत्तर अंदाजाने दिले तर आपल्याला आधीपासून जे वाटत होते तिथेच आपण पोहोचतो. म्हणून सुरुवातीला जाळे रुंद टाकावे लागते. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती त्यासाठीच आहे : डोक्याच्या जागी समस्या आणि काट्यांच्या जागी माणसे, यंत्रे, साहित्य, पद्धत, मोजमाप आणि परिसर अशी कारणांची कुळे. त्या आकृतीवरचे प्रत्येक कारण ही फक्त शंका असते. पुरावा गोळा करून एकेक शंका खोडणे हे खरे काम असते आणि बैठक संपली की बरेचदा तेच राहून जाते.

समस्या खूप असतील तर सुरुवात कुठून करायची, यासाठी गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी पॅरेटोचे तत्त्व वापरात आणले : थोड्या कारणांतून बहुतांश नुकसान होते, वीस टक्के कारणांतून ऐंशी टक्के असे ते सांगितले जाते. ऐंशी-वीस हे प्रमाण ढोबळ आहे, निसर्गनियम नव्हे.

फोर्ड कंपनीने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या, समस्या सोडवण्याच्या ‘एट-डी’ पद्धतीतला एक मुद्दा मात्र आवर्जून सांगण्याजोगा आहे. ती पद्धत दोन स्वतंत्र कारणे शोधायला लावते : दोष निर्माण का झाला आणि निर्माण झालेला दोष आपल्या तपासण्यांमधून निसटला का? बोल्ट राहून जाणे हे पहिल्याचे उत्तर आहे. ते राहिल्याचे विमान ताब्यात देईपर्यंत कोणालाही न कळणे हे दुसऱ्याचे. दोन्ही भोके बुजवल्याखेरीज प्रकरण मिटत नाही, आणि बुजवल्यानंतरही काही काळाने आकडे पाहून उपाय लागू पडला का, हे तपासावे लागते. योजना करा, करून पाहा, तपासा आणि त्यानुसार पाऊल उचला, हे जे चार टप्प्यांचे चक्र शिकवले जाते, त्यातला तिसरा टप्पा सर्वाधिक गाळला जातो.

मग चूक करणाऱ्याला मोकळे सोडायचे का?

हा आक्षेप रास्त आहे. जाणूनबुजून नियम मोडणारा, नोंदी खोट्या करणारा किंवा धोका माहीत असून लपवणारा माणूस जबाबदार असतोच आणि कोणतेही मानक त्याला पाठीशी घालत नाही. प्रश्न प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचा आहे. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ १९५० मध्ये जपानी उद्योगांना मार्गदर्शन करायला गेले आणि १९५१ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार तिथे दिला जातो. ते आपल्या व्याख्यानांत एक प्रात्यक्षिक करत असत. पेटीत पांढरे आणि लाल मणी मिसळलेले, त्यांत लाल २० टक्के. प्रेक्षकांतून निवडलेल्या ‘कामगारां’नी ५० खाचांच्या पट्टीने मणी उचलायचे आणि लाल मणी म्हणजे दोष, असे ठरलेले. कोणाच्या पट्टीवर सात लाल येत, कोणाच्या तेरा. डेमिंग कमी लाल आणणाऱ्याचे कौतुक करत, जास्त आणणाऱ्याला दटावत आणि पुढच्या फेरीत क्रम उलटापालटा होई. कोणी कितीही कष्ट केले तरी सरासरी दहाच्या आसपास राहणार, कारण लाल मणी पेटीत कोणी भरले, यावर कामगाराचा काहीच ताबा नव्हता. क्रमवारी लावून बक्षिसे आणि शिक्षा देणाऱ्या कितीतरी संस्थांमध्ये रोज हेच चालते आणि त्यात माणसे खचतात. मला हा प्रश्न गुणवत्तेइतकाच न्यायाचाही वाटतो.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. शिक्षेची भीती असलेल्या ठिकाणी चुका कमी होत नाहीत, त्या कळवण्याचे प्रमाण कमी होते. आणि न कळवलेली चूक कोणतीही पद्धत दुरुस्त करू शकत नाही.

हा सगळा कागदांचा खेळ नाही का?

अनेक ठिकाणी तो तसा होतो, हे मान्य करायला हवे. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात नोंदवह्या भरल्या जातात, कोणी न वाचलेल्या कार्यपद्धती कपाटात राहतात. पण ही मानकाची मागणी नसते : २०१५ च्या आवृत्तीने गुणवत्ता पुस्तिकेची सक्तीसुद्धा काढून टाकली आणि काम नीट चालण्यासाठी जेवढे दस्तऐवज लागतात तेवढे ठेवा, असे सांगितले.

कागद आणि काम यांतले अंतर शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत चांगले दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी क्षणभर थांबून ती मोठ्याने वाचायची असते. आठ देशांतील आठ रुग्णालयांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या यादीच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात अशी यादी किती पाळली जाते, हे जाहीर करणे रुग्णालयांसाठी बंधनकारक झाले. तिथल्या १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधील अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. याच्या कारणांवर तज्ज्ञांत बराच वाद झाला. यादी कशी राबवली गेली, हा त्यातला एक प्रमुख मुद्दा होता. भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि शल्यविशारद खरोखर थांबून एकमेकांशी बोलतात की कोणीतरी एकटा चौकटीत खुणा करून मोकळा होतो, यावर यादीचा उपयोग अवलंबून असतो. कामात सर्वांचा सहभाग हे तत्त्व सात तत्त्वांमध्ये आहे ते याचसाठी.

प्रमाणपत्र असूनही फसवणूक कशी होते?

आयएसओ ही संघटना स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात. प्रमाणन संस्था कंपनीची प्रणाली तपासतात, प्रत्येक नग नव्हे, आणि तेही नमुन्यादाखल काही दिवसांत. कंपनीच्या नेमक्या कोणत्या कामाला प्रमाणपत्र लागू आहे, हे त्याच्यावर ‘व्याप्ती’ या सदरात लिहिलेले असते. जाहिरातीत मात्र ते बहुधा नसते.

पीआयपी या फ्रेंच कंपनीचे उदाहरण या मर्यादा दाखवते. स्तनरोपणासाठी ही कंपनी वैद्यकीय वापराला मान्यता नसलेले औद्योगिक सिलिकोन वापरत असल्याचे २०१० मध्ये उघड झाले आणि अनेक देशांतील लाखो स्त्रियांना त्याची झळ बसली. कंपनीच्या गुणवत्ता प्रणालीचे एका नामांकित जर्मन संस्थेकडून नियमित ऑडिट होत असे, पण ते आधी कळवून होई आणि तेवढ्या काळापुरते आक्षेपार्ह साहित्य व त्याच्या नोंदी लपवल्या जात. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. प्रामाणिक माणसाच्या हातून होणारी चूक पकडण्यासाठी बांधलेली रचना ठरवून केलेल्या लबाडीपुढे अपुरी पडली होती. म्हणून युरोपीय संघाच्या वैद्यकीय उपकरणांविषयीच्या २०१७ च्या नियमावलीने उत्पादकांकडे किमान पाच वर्षांतून एकदा पूर्वसूचना न देता ऑडिट करणे बंधनकारक केले, आणि त्या भेटीत कागदपत्रांसोबत तयार मालाचा किंवा चालू उत्पादनातला नमुना घेऊन तो मंजूर रचनेबरहुकूम आहे का, हे तपासायला सांगितले.